दंडाला बांधायचं बीपी मशीन, लालबागच्या आमच्या खोलीत आठ महिने

मशीन चैत्रात घेतलं आणि लिहितेय मार्गशीर्षात. मुद्दाम थांबले. मिक्सर असो की बीपीचं मशीन, पहिल्या आठवड्यात सगळंच छान चालतं. आता घरातली आम्ही तिघं, चाळीतली निदान पंधरा माणसं आणि आमचे डॉक्टर, इतक्यांच्या हातून ते गेलंय. म्हणून आता लिहायला हरकत नाही.

मी डबे करते. रोजचे २२. वय ५७, राहायला लालबागला, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पहाटे साडेपाचला कणीक भिजते आणि दुपारी एकपर्यंत मी उभीच असते. बीपी मला असेल असं कधी मनातही आलं नव्हतं, कारण त्रास काहीच नव्हता.

आधी एक मनगटाचं मशीन घरात आलं होतं. मुलीनं काळजीपोटी ऑनलाइन मागवलं. दिसायला घड्याळासारखं, पर्समध्ये मावणारं. फाल्गुनातली गोष्ट. रात्री सगळं आवरून खाटेवर टेकले, डोकं जड वाटत होतं, म्हणून ते मनगटाला लावलं आणि हात मांडीत ठेवून बसले. १७१/१०२. मिस्टरांनी घाबरून परत लावलं तर १७८/१०४. तिसऱ्यांदा त्याहून वर. रात्री साडेअकराला टॅक्सी केली. तीन मजले मला खुर्चीत बसवून उतरवलं, शेजारच्या दोन मुलांनी. रुग्णालयात ड्यूटीवरच्या डॉक्टरबाईंनी वीस मिनिटं नुसतं बसवून ठेवलं आणि मग दंडाला पट्टा बांधून मोजलं. १४६/९०. म्हणाल्या, थोडं जास्त आहे, उद्या तुमच्या डॉक्टरांकडे जा, पण आज रात्री घरी झोपा.

माझी भाची पालिकेच्या रुग्णालयात सिस्टर आहे. दुसऱ्या दिवशी तिनं मला तेच मशीन लावायला लावलं, एकदा हात मांडीत ठेवून आणि एकदा छातीशी धरून. आकड्यांत चांगलाच फरक पडला. तिनं सांगितलेला हिशोब मला तेव्हा पहिल्यांदा कळला. बीपीचा आकडा म्हणजे पाऱ्याचा स्तंभ किती मिलिमीटर चढला ते. पारा पाण्याच्या १३.६ पट जड. १२० मिलिमीटर पाऱ्याच्या जागी पाणी असतं तर ते एक मीटर ६३ सेंटीमीटर चढलं असतं. माझी उंची पाच फूट एक इंच, म्हणजे माझ्या डोक्याच्याही वर. आता मनगट हृदयाच्या वीत-दीड वीत खाली असेल, तर तेवढ्या उंचीच्या रक्ताचं वजनही मशीन त्या आकड्यात धरतं. वीस सेंटीमीटर खाली धरलं की पंधराच्या आसपास आकडा वाढतो. त्यात माझी भीती मिसळली. मशीन बिघडलेलं नव्हतं. हात हृदयाच्या पातळीत धरायचा, हे त्या कागदावर लिहिलं होतं, पण मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत. माझ्यासारख्या बायका हे मशीन वापरणार हे ठाऊक असून जे एक वाक्य मराठीत, मोठ्या अक्षरात छापायला हवं ते छापलं जात नाही, याचा मला अजूनही राग येतो. त्या रात्री सासूबाई देवापुढे बसून होत्या, आम्ही परत येईपर्यंत.

भाची म्हणाली, ‘मावशी, दंडाचं घे. आणि दुकानात जाऊन घे, दंड मोजून.’

म्हणून करी रोडचा पूल ओलांडून लोअर परळ, तिथून स्लो लोकलनं मरीन लाइन्स आणि चालत प्रिन्सेस स्ट्रीट. औषधांची आणि सर्जिकल सामानाची घाऊक दुकानं एकाला एक लागून. बाहेर व्हीलचेअर, वॉकर, कमोडच्या खुर्च्या मांडलेल्या. दुपारी दोननंतर गेले, डबे आटोपून. दुकानाचं नाव देत नाही, पण वागणूक सांगते, कारण तुम्ही कुठेही गेलात तरी हीच मागा. काउंटरवरच्या भाईंनी मी काही विचारायच्या आत शिंप्याची टेप काढली. खांदा आणि कोपर यांच्या मधोमध दंडाचा घेर मोजला. ३४ सेंटीमीटर. म्हणाले, ‘ताई, बॉक्समध्ये साधा पट्टा येतो तो २२ ते ३२चा. तो तुम्हाला बसेल, वेलक्रो लागेल, पण आकडा खोटा जास्त येईल.’

हे मला कुणीही सांगितलं नव्हतं. पट्ट्याच्या आत जी रबराची पिशवी असते ती दंडाच्या घेराच्या सुमारे ८० टक्के भागाला वळसा घालणारी हवी. पट्टा लहान पडला तर आकडा जास्त येतो, फार मोठा झाला तर कमी येतो. आयुष्यभर कणीक मळणाऱ्या, हंडे उचलणाऱ्या बायकांचे दंड काही लहान नसतात. किती जणींचं बीपी लहान पट्ट्यानं मोजलं जात असेल!

मी २२ ते ४२ सेंटीमीटरच्या पट्ट्याचं घेतलं. २,३५० रुपये, पक्की पावती, वॉरंटी कार्डावर शिक्का. मोबाइलला जोडता येणारं हजारभर रुपयांनी महाग होतं, ते नको म्हटलं. वही आहे माझ्याकडे, डब्यांच्या हिशोबाची. बीपीही तिच्यातच, मागच्या पानांपासून पुढे. घेण्याआधी भाचीनं फोनवर मॉडेलचा नंबर विचारून ‘स्ट्राइड बीपी’च्या यादीत बघितला. कोणत्या मशीनची नीट चाचणी झालीय हे त्या साइटवर कळतं. चाचणी म्हणजे निदान ८५ माणसांवर, प्रशिक्षित माणसानं मोजलेल्या आकड्यांशी ताडून. सरासरी फरक ५च्या आत राहिला पाहिजे. खोक्यावर डॉक्टरचा फोटो छापलाय म्हणून मशीन घेऊ नका, नंबर बघून घ्या.

आता मशीनबद्दल. चार पेन्सिल सेल, एकच मोठं बटण, आकडे इतके ठळक की सासूबाईंना चष्म्याशिवाय दिसतात. तीन आकडे येतात, वरचा, खालचा आणि नाडीचा. हृदय आकुंचन पावून रक्त ढकलतं तेव्हाचा दाब वरचा, दोन ठोक्यांच्या मध्ये ते सैल पडतं तेव्हाचा खालचा. पंपाचा आवाज फार नाही. पट्टा फुगताना दंड चांगला आवळतो, सासूबाईंना पहिल्यांदा दुखलं. साधारण पाऊण मिनिटात काम होतं. हात हलला किंवा ठोका अनियमित वाटला तर वेगवेगळ्या खुणा दाखवतं. मागच्या तीन आकड्यांची सरासरी काढतं, हे मला सगळ्यात आवडलं.

यात स्टेथोस्कोप नसतो, मग याला कळतं कसं, हा प्रश्न मला छळत होता. मशीन घेऊन आमच्या डॉक्टरांकडे गेले तेव्हा त्यांनाच विचारलं. तीस वर्षांचे आमचे फॅमिली डॉक्टर, टेबलावर अजून लाकडी पेटीतलं पाऱ्याचं मशीन. गर्दी नव्हती म्हणून त्यांनी माझ्या कानात स्टेथोस्कोप दिला आणि मिस्टरांच्या दंडावर पट्टा फुगवला. सुरुवातीला काहीच ऐकू येत नाही, कारण रक्तवाहिनी पूर्ण दाबलेली असते. हवा हळूहळू सोडली की एका क्षणी टक, टक, टक सुरू होतं. तिथे पारा असतो तो वरचा आकडा. आवाज बदलत जातो आणि मग एकदम नाहीसा होतो, तो खालचा. हे आवाज १९०५ मध्ये कोरोत्कोव्ह नावाच्या रशियन डॉक्टरांनी सांगितले, त्यांच्याच नावानं आजही ओळखले जातात. दंडाचा पट्टा आणि पारा त्याच्या नऊ वर्षं आधी, १८९६ मध्ये, इटलीत रिवा-रोच्ची यांनी आणला होता, पण तेव्हा नाडी बोटानं चाचपायचे, त्यामुळे फक्त वरचाच आकडा मिळायचा. नवऱ्याच्या दंडातलं रक्त वाहताना मी कानानं ऐकलं. लग्नाला ३४ वर्षं झाली, आणि मला तिथे भरून आलं.

आपलं बटणाचं मशीन आवाज ऐकत नाही. ते पट्ट्यातल्या हवेची थरथर मोजतं. प्रत्येक ठोक्याला पट्ट्यात बारीक धक्का बसतो. हवा कमी होत जाते तसे धक्के वाढतात, एका ठिकाणी सगळ्यात मोठे होतात आणि परत लहान होतात. सगळ्यात मोठे जिथे, तिथे रक्ताचा सरासरी दाब. वरचा आणि खालचा आकडा मशीन त्यावरून हिशोबानं काढतं, आणि तो हिशोब प्रत्येक कंपनीचा आपापला. म्हणून दोन कंपन्यांची मशीनं शेजारी ठेवली तर आकडे जुळत नाहीत. आणि म्हणूनच नवं मशीन एकदा डॉक्टरांच्या मशीनशी ताडून घ्यावं. आमचं ताडलं, एक त्यांचं, एक माझं, असं तीनदा. त्यांचे १४८, १४६, १४६. माझे १५२, १४९, १४७. खालच्या आकड्यात तीनपेक्षा जास्त फरक कधी आला नाही. डॉक्टर म्हणाले, ‘वहिनी, यावर विश्वास ठेवा.’ त्यांनी दोन्ही दंडांचंही मोजलं. माझा उजवा चार-पाचनं जास्त, म्हणून कायम उजव्याच दंडाला बांधायचं.

मग त्यांनी सात दिवसांचं काम दिलं. सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, मध्ये एक-एक मिनिट थांबून. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्यायचे, उरलेल्या २४ची सरासरी. दवाखान्यात १४०/९०ला जास्त म्हणतात, पण घरचं मोजमाप शांतपणे होतं म्हणून घरी १३५/८५लाच जास्त म्हणतात. हा फरक लक्षात ठेवा, बऱ्याच जणांना तो माहीत नसतो.

सात दिवस ऐकायला सोपं आहे. आमच्या एका खोलीत ते जमवणं मोठं काम होतं. आम्ही जमिनीवर बसणारी माणसं. मांडी घालून चालत नाही, पाय लोंबकळते नकोत, एकावर एक नकोत, पाठ टेकलेली हवी, हात टेबलावर हवा. डायनिंग टेबल नाही. शेवटी माझं शिलाई मशीन उपयोगी पडलं. त्याच्या फळीवर घडी घातलेली चादर ठेवली की पट्टा बरोबर छातीच्या पातळीला येतो. ब्लाउजची बाही वर सरकवली की ती दंडाला फास लावते, म्हणून बाही नसलेला गाऊन. आधी लघवीला जाऊन यायचं, भरल्या पोटावर नाही, आणि चहा मोजून झाल्यावर. मला उठल्या उठल्या चहा लागतो. तो अर्धा तास पुढे ढकलणं मला सगळ्यात जड गेलं. आणि पाच मिनिटं नुसतं बसायचं. कुकर लावायचा नाही, मोबाइल बघायचा नाही, बोलायचं नाही. चाळीत पहाटे पाचलाच काय ते हे शक्य आहे. सहानंतर गॅलरीतून कुणी ना कुणी हाक मारतंच, आणि बोललं की आकडा वर जातो. मी करून बघितलं. गप्प बसून १४१, आणि शेजारच्या वहिनींशी पाणी कधी येणार एवढंच बोलत मोजलं तर १५२.

माझी सरासरी आली १४३/८९. म्हणजे खरंच होतं. मनातून वाटत होतं की दवाखान्यात घाबरल्यामुळेच वाढलेलं निघावं, तसं निघालं नाही. रोज एक गोळी सुरू झाली.

मिस्टरांचं उलट. तेही माझ्याबरोबर सात दिवस बसले. त्यांचं दवाखान्यात दर वेळी १५०च्या पुढे, दोन वर्षांपासून त्यांच्या डोक्यावर गोळीची टांगती तलवार. घरी सरासरी १२६/७८. डॉक्टरांचा पांढरा कोट बघून वाढणारं बीपी म्हणतात ते हेच. डॉक्टरांनी गोळी दिली नाही, पण दर काही महिन्यांनी असाच आठवडा मोजायला सांगितलंय, कारण अशा माणसांचं पुढे खरंच वाढू शकतं. एकाच घरात, एकाच मशीननं एकाला गोळी लावली आणि दुसऱ्याची वाचवली. माझे २,३५० तिथेच वसूल झाले.

सासूबाईंसाठी मात्र हे मशीन नाही, आणि ही कमी मी स्पष्ट लिहिते. त्या ८२ वर्षांच्या, दंड २१ सेंटीमीटर. आमचा पट्टा त्यांना सैल. वर त्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित. मशीन दर वेळी ती खूण दाखवतं आणि आकडे ११८, १४४, १२७ असे उड्या मारतात. धक्केच एकसारखे नसतील तर हिशोब कसा लागणार? त्यांचं डॉक्टर पाऱ्यावर, कानानं, दोन-तीनदा मोजतात. घरात कुणाचे ठोके अनियमित असतील तर मशीनच्या एका आकड्यावर औषध कमी-जास्त करू नका, आधी डॉक्टरांशी बोला. पारा विषारी, म्हणून तो हळूहळू बंद करायचं जगभरात ठरलंय, मिनामाता करारानं. भारतानंही २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. बरोबरच आहे. फक्त कानानं ऐकून मोजणारे हात तयार होत राहावेत, सासूबाईंसारख्यांना त्यांची गरज आहे.

मिठाचं सांगते. भाचीनं विचारलं, महिन्याला मीठ किती लागतं? डब्यांचं वेगळं, पण घरच्या तिघांना एक किलोची पिशवी महिनाभर पुरायची. तिनं तिथेच भागाकार केला. माणशी रोजचे ११ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना सांगते पाचच्या आत, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, आणि त्यात पापड, लोणचं, फरसाण सगळं आलं. माझ्या हाताची चव म्हणून लोक डबा घेतात, आणि मी घरच्यांना दुप्पट मीठ घालत होते! आता तीच पिशवी दीड महिन्याच्या वर जाते. पाच ग्रॅमवर अजून आले नाही. सध्या गोळी आणि कमी मीठ मिळून माझी सरासरी १२८/८०.

गणपतीच्या दहा दिवसांत आकडे वर गेले होते. आमच्या भागात तेव्हा झोप कुणाला असते? रात्री दोनलाही रस्ता जागा, डब्यांच्या ऑर्डरी दुप्पट. वहीत त्या आकड्यांपुढे फक्त ‘गणपती’ लिहून ठेवलं, डॉक्टरांनी ते बघून गोळी बदलली नाही. नुसते आकडे असते तर कदाचित बदलली असती. म्हणून आकड्यापुढे दोन शब्द लिहीत जा. झोप नाही, ताप, भांडण, जे असेल ते.

चाळीत बातमी पसरलीच. ‘वहिनी, जरा बीपी बघता?’ मी पाच मिनिटं गप्प बसवते, काहींना ते आवडत नाही. आमच्या खालच्या मजल्यावरचा एक जण, वय ४३, परळला एका इमारतीत रात्रपाळीचा वॉचमन. मजेत आला होता, बायको घेऊन आली म्हणून. पहिल्यांदा १७६/१०८. दहा मिनिटांनी १७४/१०६. परत तेच. दुखत नव्हतं, गरगरत नव्हतं, काही म्हणजे काहीच नव्हतं. ‘काकू, मशीन बिघडलंय तुमचं,’ म्हणाला. मी त्याच्यासमोर स्वतःचं मोजून दाखवलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोबरोबर मीच त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेले. आधी कधी मोजलंच नव्हतं त्यानं. आता औषध चालू आहे, दर रविवारी येऊन गप्प बसतो आणि मोजून जातो. आकडा १८०/१२०च्या पुढे असेल आणि छातीत दुखणं, धाप लागणं, बोलणं अडखळणं, हातापायातली ताकद जाणं, दिसायला अंधुक होणं यातलं काहीही असेल, तर परत परत मोजत बसू नका, थेट रुग्णालय गाठा. तेवढं मी कागदावर लिहून मशीनच्या पिशवीत ठेवलंय.

तक्रारी. आठवण दोनच माणसांची ठेवतं, घरात तिघं असली की वहीच बरी. माहितीपुस्तिकेत हिंदी आहे, मराठी नाही. सेल चार महिन्यांत संपले, पण आम्ही वापरलंही तसंच. सेल उतरत आले की पट्टा अर्धवट फुगून थांबतं, तेव्हा घाबरू नका, सेल बदला. वेलक्रो सहाव्या महिन्यात सुटायला लागलं. पट्टा वेगळा मिळतो, त्याच भाईंकडून ६५० रुपयांना आणला. नळी मशीनला जोडतात तिथे ओढाताण करू नका, शेजारच्या बाळानं ओढली होती, थोडक्यात वाचली.

पाच पैकी चार. एक तारा सासूबाईंसाठी कापला. पुढच्या महिन्यात वर्ष व्हायच्या आधीच परत डॉक्टरांच्या मशीनशी ताडायला नेणार आहे, आकडे कळवीन.